पाणी कुणाच्या दारात येणार?



महसूल, जलसंपदा, महापालिका, अग्निशमन, पोलीस अशा खात्यांतल्या, पुराच्या वेळी कामाला लागणाऱ्या माणसांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव का सुचवलं, असं मी विचारलं. उत्तर मिळालं की नियंत्रण कक्षात सगळ्यात जास्त पावसाळे तुम्ही काढलेत. खरं आहे. पण त्यात कर्तबगारी कमी आणि बदली न होणं जास्त. बोटीत बसून माणसं बाहेर काढणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात आणि ते यायलाच हवेत. मी त्यांच्यातला नाही. मी फोन उचलणारा आणि सूचना लिहिणारा माणूस. त्यामुळे बोटी, जॅकेटं आणि ड्रोन यांवरची भाषणं दुपारच्या सत्रासाठी सोडून मी फक्त लिहिण्याबद्दल बोलणार आहे.

आपण बसलोय कोल्हापूरच्या दसरा चौकात, शाहू स्मारक भवनात. इथून हाकेच्या अंतरावर सुतारवाडा. पंचगंगेला फुगवटा येऊन जयंती नाला तुंबायला लागला की शहरात पहिल्यांदा घरं सोडावी लागतात ती या सुतारवाड्यातल्या लोकांना. ते चित्रदुर्ग मठात येतात. सुतारवाड्यातल्या बायकांना तुमच्या-माझ्या संदेशाची वाट बघावी लागत नाही. त्या नाल्याकडे बघतात आणि गाठोडी बांधतात. आपल्या धंद्यातली ही पहिली लाजिरवाणी गोष्ट आहे, की ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं त्याला आपल्याकडून कळत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. तालुका आणि गाव सांगत नाही. जुलै महिना, रात्रीची पाळी. मी संदेश लिहिला: ‘राधानगरी धरणाचे पाच स्वयंचलित दरवाजे उघडले असून ७,१४० क्युसेक विसर्ग सुरू आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ आकडा चोख होता, एका दरवाजाचे १,४२८ गुणिले पाच. व्याकरणही शुद्ध. तासाभरात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. “सायेब, सतर्क ऱ्हायचं म्हंजे नेमकं काय करायचं? म्हशी आत्ता सोडायच्या का सकाळी?” मी काय केलं असेल? तोच संदेश त्यांना पुन्हा वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. पहाटे कमरेएवढ्या पाण्यातून त्यांनी जनावरं काढली. माणसं वाचली, म्हशी वाचल्या, दोन रेडकं गेली. अहवालात रेडकांचा उल्लेख आहे, फोनचा नाही. तो मी लिहिला नाही.

‘सतर्क राहावे’ ही क्रिया नव्हे. सतर्क माणूस काय करतो? खुर्चीत ताठ बसतो? आपल्या सूचनांमध्ये हे शब्द इतके ठाण मांडून बसलेत की ते काढले तर कागद रिकामा पडेल. आणि ते तिथे का आहेत, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या चौकशी लागली तर ‘सूचना दिलेली होती’ असं दाखवता यावं म्हणून. आपल्या निम्म्या सूचना नदीकडे बघून लिहिलेल्या नसतात, फायलीकडे बघून लिहिलेल्या असतात. हे मी टीका म्हणून सांगत नाही, कबुली म्हणून सांगतो.

राधानगरीचंच बघा. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे धरण. त्याचे सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि आपोआप मिटतात. तिथे विसर्ग सोडायला कुणाची टिप्पणी लागत नाही, कुणाची सही लागत नाही. म्हणजे त्या साखळीत माणसाच्या हातात उरते ती फक्त खबर. तीच आपण क्युसेकमध्ये देतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. सगळे सात दरवाजे उघडले की विसर्ग दहा हजार क्युसेकच्या घरात जातो. पण माझ्या उंबऱ्याला पाणी लागायला किती वेळ, हे त्यातून निघत नाही. त्या मधल्या काळात कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या खोऱ्यांत किती पाऊस पडतोय यावर ते ठरतं. ते गणित करायचं आपण, आणि माणसाला सांगायचं फक्त उत्तर.

लोकांनी मात्र स्वतःची मापं केव्हाच केलीत. शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामात माशासारखा आकार आहे. त्याला पाणी लागलं की कोल्हापूरकर म्हणतात, ‘मच्छिंद्री झाली.’ पन्हाळ्याच्या रस्त्याला आंबेवाडीकडे पाणी पसरलं की म्हणतात, ‘रेडेडोह फुटला.’ एवढ्या दोन-तीन शब्दांत पाणी कुठे आहे, कुठला रस्ता जाणार आणि दूध आज शहरात पोचणार की नाही, हे सगळं येतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे आकडेही आता लोकांच्या तोंडी बसलेत, कारण दरवर्षी तेच आकडे, तीच जागा. नरसोबाच्या वाडीला तर दत्तमंदिरात पाणी चढलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला पाण्याकडे धावतात. पूर म्हणजे सगळ्यांना सारखीच भीती, असं समजून मसुदा करणाऱ्याने एकदा त्या गर्दीचा बंदोबस्त करून बघावा.

पण लोकांचं माप म्हणजे सगळं खरं, असंही मी म्हणणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कितीतरी घरांतून एकच उत्तर येत होतं: “२००५ च्या पुरात आमच्या दारात पाणी आलं नव्हतं.” त्या विश्वासावर माणसं वरच्या मजल्यावर बसून राहिली. राजाराम बंधाऱ्यावर पाणी साडेपंचावन्न फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. मग भिंतीभिंतींवर २०१९ च्या खुणा केल्या गेल्या. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, लोक त्या खुणांकडे बोट दाखवून निश्चिंत होते, आणि पाणी ५६ फुटांच्याही वर गेलं. तेही फार झपाट्याने. २०१९ चं पाणी मुक्कामाला आलं होतं, २०२१ चं धावत आलं. आठवण ही चांगली फूटपट्टी आहे, पण तिला वरचं टोक नसतं. ते टोक सांगणं आपलं काम. जलसंपदा विभागाची निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. या दोन रेषा नकाशावर आहेत. गल्लीत जाऊन विचारा, आपलं घर कुठल्या रेषेत आहे हे किती जण सांगतात. बांधकाम परवानगी मागणाऱ्याला मात्र त्या रेषा इंचाइंचाने पाठ असतात.

आपण ज्याला घटना प्रतिसाद प्रणाली म्हणतो तिचा उगमही एकमेकांना न कळणाऱ्या शब्दांच्या अडचणीतच आहे. १९७० साली कॅलिफोर्नियात वणवे लागले. विझवायला अनेक यंत्रणा धावल्या, आणि लक्षात आलं की एकाच गोष्टीला प्रत्येकाचा वेगळा शब्द आहे, वायरलेसवर एकमेकांचं बोलणं कळत नाही. त्यातून जी पद्धत घडली, तिचा एक मूळ नियम होता की सगळ्यांनी साध्या, सारख्या भाषेत बोलायचं. ती पद्धत फिरत फिरत आपल्याकडे आली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आणि आज आपल्या प्रशिक्षणात त्या पद्धतीचं जे काही शिकवलं जातं, ते निम्मं आद्याक्षरांत असतं! तलाठ्याला आयसी, ओएससी पाठ करायला लावतात. परवा एका कोतवालाने मला विचारलं, “भाऊ, स्टेजिंग एरिया म्हंजे?” मी म्हटलं, “जिथं बोटी, ट्रक, माणसं आणून थांबवायची ती जागा.” तो म्हणाला, “म्हंजे आपला बाजारतळ.” बरोबर. तसंच लिहा ना मग.

ब्रह्मनाळ गावची दुर्घटना इथे कुणी विसरलेलं नाही. ८ ऑगस्ट २०१९. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली नाव उलटली. त्या दिवसापासून मी प्रत्येक बोटवाल्याला एकच सांगत आलोय: बोटीच्या बाहेरच्या अंगाला रंगाने, हातभर मोठ्या अक्षरांत लिहा, ‘माणसं इतकी’. पाण्याने वेढलेल्या घरातून माणूस उडी मारायला तयार असतो, तेव्हा परिपत्रक क्रमांक त्याच्या कामाचा नसतो.

आणखी एक आठवण. २०१९ ला शहराला चहूबाजूंनी पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रंच पाण्यात. पेट्रोल अत्यावश्यक सेवेपुरतं. अशा वेळी लोकांना दोन दिवस आधी एवढंच सांगता यायला हवं: ‘पाणी अमुक फुटांवर गेलं की नळ बंद होईल. आज भरून ठेवा.’ हे वाक्य लिहायला ना उपग्रह लागतो ना निधी. मे महिन्यात पंप ऑपरेटरशेजारी बसून एक चहा प्यावा लागतो. ज्यांच्याकडून या कामाची अपेक्षा आहे, त्यांतली अनेक पदं वर्षावर्षाच्या करारावर आहेत, हेही या व्यासपीठावरून नोंदवून ठेवतो. तीन पावसाळे पाहिलेला माणूस चौथ्याला घरी बसवायचा आणि नव्याला मच्छिंद्री काय ते शिकवत बसायचं, हा व्यवहार मला समजलेला नाही.

भाषण लांबलं. एक मागणं करतो. १ जूनला आपले कक्ष चोवीस तास सुरू होतात. त्याआधी इथल्या प्रत्येकाने आपल्या हद्दीतल्या एका गावात जावं आणि एकच पान लिहून आणावं. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झाले की त्या गावात पहिलं पाणी कुणाच्या दारात येतं. कुठला रस्ता आधी जातो. जनावरं कुठे न्यायची, तिथे वैरण आहे का. कोण आजारी आहे, कोण गरोदर आहे, कुणाला उचलून न्यावं लागेल. पान मराठीत असावं, आणि ‘सतर्क’ हा शब्द त्यात नसावा. लिहून झालं की ते गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्याला वाचून दाखवा. तो म्हणाला “बरं”, तर समजा की त्याला कळलेलं नाही, पुन्हा लिहा.