योग्यकर्ताचा गोंगाट

इंडोनेशियातलं योग्यकर्ता शहर म्हणजे गामेलान वाद्यवृंदाचं आणि वायांग छायाबाहुल्यांचं माहेरघर. याच शहरात ‘जोग्जा नॉईज बॉम्बिंग’ हा महोत्सव भरतो. इथं राग नाही, ठेका नाही. ऐकायचा तो निव्वळ गोंगाट.

सुरुवात रस्त्यावरच झाली. रातोरात भिंती रंगवून जाणाऱ्या ग्राफिटीवाल्यांसारखी ही तरुण मंडळी, विजेची जोडणी सापडेल तिथं, परवानगीची वाट न पाहता यंत्रं लावून वाजवू लागत. पुढे त्याचाच महोत्सव झाला आणि स्थानिकांबरोबर परदेशी कलाकारही येऊ लागले.

साधनं अगदी साधी. पत्र्याला किंवा स्प्रिंगला चिकटवलेली पिझो चकती त्यातली बारीकशी थरथरही पकडते. मिक्सरमधून बाहेर पडणारा आवाज वायरने पुन्हा त्याच मिक्सरमध्ये सोडला, की यंत्र आपणहून किंचाळू लागतं. कलाकार बटणं फिरवत त्या किंकाळीला वळण देतो. कित्येक जण सर्किटंही घरीच डाग देऊन बनवतात. ही हातकारागिरी मला फार मोलाची वाटते.

याच शहरातली ‘सेन्यावा’ ही जोडी जगभर पोचली. वुकिर सुर्यादी यांनी बांबूचं वाद्य स्वतः घडवलं, आणि रुली शबारा यांचा गळा कुजबुजीपासून डरकाळीपर्यंत कुठंही जातो.

कल्पना तशी जुनी. कारखान्यांचे, यंत्रांचे आवाजही संगीतात यावेत, असं इटलीच्या लुइजी रुसोलो यांनी १९१३मध्येच मांडलं होतं.

अशा मैफलीला गेलात, तर कानात बोळे जरूर घाला. ८५ डेसिबलवरचा आवाज फार वेळ ऐकला, तर श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.