दिल्लीचा व्हॉलीबॉल आणि त्याचा प्रेक्षक

सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस पाच दिवसांच्या अंतराने दोन अंतिम सामने झाले. २६ तारखेला हैदराबादच्या गच्चीबावली येथील बंदिस्त क्रीडागृहात प्राइम व्हॉलीबॉल लीगचा शेवटचा सामना झाला आणि बंगळूरू टॉर्पेडोज या संघाने मुंबई मिटिऑर्सवर विजय मिळविला. ३१ तारखेला दिल्लीच्या त्यागराज क्रीडागृहात प्रो कबड्डी लीगचा शेवट झाला. दबंग दिल्लीने आपल्या पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरविले. पुण्याच्या माणसाला हा पराभव चटका लावून गेला असेल. पण दिल्लीच्या माणसाला त्या रात्री आपल्या घरी, आपल्या डोळ्यांदेखत, आपला संघ जिंकताना पाहावयास मिळाला.

दिल्ली तूफान्स नावाचा एक व्हॉलीबॉल संघही आहे, हे त्या रात्री त्यागराजमध्ये बसलेल्यांपैकी कितीकांच्या ध्यानी असेल, याची शंकाच आहे. हा संघ २०२४ साली लीगमध्ये आला आणि पदार्पणाच्या वर्षीच त्याने अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. कोणत्याही नगरीने ज्याची मिरवणूक काढावी असा हा पराक्रम. परंतु तो सगळा हंगाम चेन्नईत झाला आणि कालिकत हीरोजकडून ३-१ अशी हार पत्करावी लागली तीही चेन्नईतच. पुढचा, २०२५ चा हंगाम हैदराबादेत भरला. दिल्लीचे नाव छातीवर मिरविणाऱ्या या खेळाडूंनी या दोन हंगामांत दिल्लीत लीगचा एकही सामना खेळला नाही. सर्व सामने एकाच शहरी घेण्यामागे हिशेब असतो. क्रीडागृह एक, कॅमेरे एकाच जागी मांडलेले, दहा संघांचा मुक्काम एकाच गावी. खर्च आटोक्यात राहतो आणि दूरचित्रवाणीवर खेळ घरोघर पोहोचतो. नव्या लीगने हा हिशेब करावा यात गैर काही नाही. मात्र त्याची किंमत ज्याच्या खात्यावर पडते तो मनुष्य त्या बैठकीत नसतो. तो म्हणजे तिकीट काढून बाकावर येऊन बसणारा प्रेक्षक.

असा प्रेक्षक दिल्लीच्या परिसरात मुळी नाहीच, असे कोणी म्हणेल तर त्याने राजधानीची सीमा ओलांडून पाहावे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र या लांबलचक सरकारी नावात सोनीपत, रोहतक, झज्जर येतात. उत्तर प्रदेशाच्या बाजूने बागपत, मुझफ्फरनगर आणि बुलंदशहरही येतात. पिके निघाली की या भागातील खेड्यांत दोन खांब उभे राहतात, त्यांना जाळी बांधली जाते, चुन्याने रेघा मारल्या जातात आणि पंचक्रोशीतील संघ जमतात. काही ठिकाणी उंच उडी मारून चेंडू हाणावयाचा नेहमीचा खेळ असतो, काही ठिकाणी ‘शूटिंग’ नावाचा त्याचा देशी अवतार. महाराष्ट्राच्या खेड्यांनाही हा दुसरा प्रकार अपरिचित नाही. आपल्याकडेही त्याच्या स्पर्धा विजेच्या दिव्यांखाली रात्र रात्र चालतात. खाटा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गच्च्या आणि कठडे हीच तेथील प्रेक्षागृहे. ध्वनिवर्धकावर बोलणारा गृहस्थ खेळाडूला बापाच्या आणि गावाच्या नावाने ओळखतो. एखादा फटका साधला की कोणी वडीलधारा उठून इनाम जाहीर करतो आणि कुस्तीच्या फडाची आठवण व्हावी अशी आरोळी उठते. येथे जाहिरात लागत नाही, की खेळाचे नियम कोणास समजावून सांगावे लागत नाहीत.

दिल्ली शहर आणि हे मैदान यांच्यात फार तर दोन तासांचे अंतर आहे. पण ते दोन तास आजवर कोणी नीटसे तोडलेले नाहीत.

मुळात हा खेळ गर्दी जमविण्यासाठी जन्मालाच आला नव्हता. अमेरिकेतील होलिओक या गिरणगावी वाय. एम. सी. ए. चे व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली तो काढला तो मध्यमवयीन व्यापाऱ्यांसाठी. बास्केटबॉलची धावपळ त्यांना झेपत नव्हती. साडेसहा फुटांवर जाळी बांधावी आणि चेंडू हलकेच इकडून तिकडे टोलवावा, एवढीच मूळ कल्पना. त्याच संस्थेच्या हातून तो हिंदुस्थानात आला आणि छावण्यांत, पोलीस वसाहतींत, शाळांच्या पटांगणांत रुजला, कारण त्याला फारसे काही लागत नाही: अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद जागा, एक जाळी, एक चेंडू. १९३६ साली लाहोरला आंतरप्रांतीय स्पर्धा झाली. १९५१ साली भारतीय महासंघ स्थापन झाला. त्यानंतरची काही वर्षे या खेळाला सोन्याचे दिवस होते, असे म्हणावयास हरकत नाही. १९५८ च्या टोकियो आशियाई खेळांत भारताला कांस्यपदक, १९६२ साली जाकार्तात रौप्य. अर्जुन पुरस्कार सुरू झाले त्या १९६१ सालीच ए. पलानिस्वामी यांना तो मिळाला. हरियाणातील कौल गावचे बलवंत सिंग ऊर्फ बल्लू १९७२ साली त्याच मालिकेत बसले. केरळच्या पेरावूर गावचा जिमी जॉर्ज तर इटलीतील व्यावसायिक संघांत जाऊन खेळला आणि १९८६ साली सोलमध्ये भारताने पुन्हा कांस्य जिंकले तेव्हा संघात होता. पुढच्याच वर्षी इटलीत मोटार अपघातात तो गेला.

दिल्लीच्या वाट्याला यातले किती आले? राजधानीने आजवर तीन मोठे क्रीडामहोत्सव भरविले. १९५१ च्या पहिल्या आशियाई खेळांत व्हॉलीबॉल नव्हता. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांतही नव्हता. १९८२ च्या आशियाई खेळांत तेवढा तो होता. पुरुषांत जपानने आणि स्त्रियांत चीनने सुवर्णपदक नेले. महोत्सव संपला आणि यमुनेच्या काठी त्याच वेळी उभे राहिलेले प्रचंड इंद्रप्रस्थ क्रीडागृह इतर खेळांच्या आणि पुष्कळदा गाण्याबजावण्याच्या कामी आले.

खेड्यातला प्रेक्षक शहरात का येत नाही, याचे एक कारण आपल्या क्रीडाव्यवस्थेच्या रचनेतच आहे. झज्जरचा एखादा उंचापुरा मुलगा चांगला खेळू लागला की त्याच्या घरचे प्रथम नोकरीचा विचार करतात, आणि तो रास्तच असतो. रेल्वे, सैन्यदल, निमलष्करी दले, पोलीस ही खाती खेळाडूंच्या राखीव जागांवर त्याला घेतात. पोटाची चिंता मिटते, सराव चालू राहतो. राष्ट्रीय स्पर्धेत मग तो रेल्वेचा किंवा सैन्यदलाचा म्हणून उतरतो. या खात्यांचे भारतीय व्हॉलीबॉलवर उपकार आहेत. ती नसती तर हा खेळ केव्हाच उपासमारीने संपला असता. पण खात्याचा चाहता कोण होणार? गावाला आपला मुलगा गावाच्या नावाने खेळताना पाहावयाचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या अंगावरचा सदरा बदललेला असतो. लीगने खेळाडूला पुन्हा शहराचे नाव दिले हे तिचे मोठे श्रेय. म्हणूनच ते शहर मैदानावरून वगळले जाते तेव्हा अधिक खटकते.

या बाबतीत जपानची हकीकत बोलकी आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल प्रथमच खेळला गेला. जपानी स्त्रियांच्या संघातील बहुतेक मुली निचिबो कंपनीच्या काइझुका येथील सूतगिरणीतल्या होत्या आणि त्यांचे शिक्षक दाइमात्सु हे अतिशय कठोर शिस्तीचे गृहस्थ होते. सोव्हिएट संघाविरुद्धचा अंतिम सामना टोकियोच्या परिसरातील ६६.८ टक्के घरांतून दूरचित्रवाणीवर पाहिला गेला. एवढ्यावर भागले असते तर दोन वर्षांत लोक ते विसरले असते. पण त्या सामन्यानंतर संसारी स्त्रिया स्वतः खेळू लागल्या. मोहल्ल्यांतून, शाळांच्या सभागृहांतून आयांचे संघ निघाले आणि १९७० पासून त्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. चेंडू उचलताना मनगटाला बसणारा चटका जिने एकदा अनुभवला, ती बाकावर बसून केवळ टाळ्या वाजवीत नाही; काय साधले आणि काय हुकले हे तिला कळते.

आणि व्हॉलीबॉलमध्ये हे कळणे महत्त्वाचे आहे. नवखा मनुष्य चेंडूच्या मागे मान फिरवीत बसतो. त्याला फटका दिसतो. फटक्याच्या आधीचे काही दिसत नाही. खरे नाट्य घडते ते मधल्या स्पर्शात. पहिल्याने चेंडू झेलला, दुसऱ्याने तो जाळीलगत उचलून द्यावयाचा, तिसऱ्याने हाणावयाचा. हा दुसरा खेळाडू, ज्याला सेटर म्हणतात, प्रतिपक्षाच्या भिंतीला शेवटच्या क्षणापर्यंत फसवीत असतो. पुढे एक जण उगाच उडी घेतो, भिंत त्याच्यासमोर उभी राहते आणि चेंडू मागून दुसऱ्याच्या हाती जातो. बुद्धिबळातील डाव निमिषात उरकावा तसा हा प्रकार. रेडिओवरील समालोचकालाही या खेळाने नेहमीच जेरीस आणले आहे. तीन स्पर्शांचे वर्णन तोंडातून बाहेर पडेपर्यंत चेंडू पलीकडे पोहोचलेला असतो. पण क्रीडागृहात, दोन डावांच्या मध्यंतरात, एखाद्या जाणत्या जुन्या खेळाडूने साध्या हिंदीत वा हरियाणवीत ‘आता या सेटरच्या खांद्याकडे पाहा’ एवढे सांगितले तरी शंभर डोळे उघडतात. आज त्या वेळात कर्कश संगीत वाजविले जाते. ते वाजवू नये असे नाही. जरा थांबवून वाजवावे.

दिल्लीची एक खोड मात्र ध्यानात घ्यावयास हवी. ही आल्यागेल्यांची नगरी आहे. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मनुष्यही ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला दुसऱ्याच गावाचे नाव सांगतो. दिल्ली तूफान्स म्हटल्यावर त्याचे रक्त एकदम सळसळेल ही अपेक्षा धरणे भाबडेपणाचे होय. परंतु याच खोडीचा फायदाही आहे. कालिकतचा संघ दिल्लीत आला तर मयूर विहार आणि रामकृष्णपुरम येथील मल्याळी कुटुंबे घरी बसून राहणार नाहीत. मलबारात व्हॉलीबॉलचे वेड काय आहे हे त्यांना सांगावयास नको. चेन्नईसाठी करोलबागेतील तमिळ मंडळी येतील. मुंबईचा संघ आला तर पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेतील मुलांना शिक्षकांनी रांगेने घेऊन यावे. पाहुण्या संघाने यजमानांचे बाक भरावेत हे अन्यत्र विचित्र दिसेल. दिल्लीत ते स्वाभाविक आहे. एकदा आलेला मनुष्य दुसऱ्यांदा कोणाचा म्हणून येतो, ते पुढे पाहता येईल.

स्त्रियांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लीगच्या पहिल्या चारही हंगामांत स्त्रियांचे संघ नव्हते. इकडे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातील लिंकन या गावी, ३० ऑगस्ट २०२३ रोजी विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना पाहण्यास ९२,००३ लोक फुटबॉलच्या मैदानात जमले. हा आकडा ऐकून थक्क होणाऱ्यांनी त्यामागची दुसरी गोष्टही ऐकावी: त्या संघाच्या घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे २००१ पासून संपत आलेली होती. बावीस वर्षे, त्याच गावी, ठरलेल्या मोसमात. आपल्याकडे सोनीपत-रोहतकच्या मुलींनी कुस्तीत काय करून दाखविले ते जगाने पाहिले आहे. जाळीच्या दोन्ही बाजूंस त्यांना उभे केले, तर त्यांच्या मागून घरच्या बायका पाहावयास येतील, आणि घरच्या बायका आल्या म्हणजे क्रीडागृहातील हुल्लड आपोआप उतरते.

खेळावयास जागा हा त्याहून अवघड प्रश्न आहे. दिल्लीच्या कित्येक वसाहतींत हिरवळ राखलेली सुरेख उद्याने आहेत आणि त्यांच्या फाटकावर चेंडू खेळण्यास मनाई करणारी पाटी आहे. म्हाताऱ्यांच्या फिरण्यास अडथळा येऊ नये हा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि उद्यानाच्या एका कोपऱ्यात दोन खांब आणि संध्याकाळचे दोन तास, एवढे देण्याने कोणाच्या फिरण्यात फार मोठे विघ्न येईल असे वाटत नाही. मॉर्गन साहेबांनी हा खेळ पोट सुटलेल्या व्यापाऱ्यांसाठीच काढला होता, हे वसाहतीच्या चिटणिसांना आठवून दिले तर कदाचित तेही धोतर खोचून उतरतील.

राहता राहिली वेळेची बाब. पूर्वी ज्याच्या हाती सर्व्हिस त्यालाच गुण मिळत असे, त्यामुळे सामना किती चालेल याचा भरवसा नसे. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम आखणारे या खेळापासून दूर राहत ते त्यामुळेच. १९९८ साली प्रत्येक चेंडूला गुण देण्याचे ठरले आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो नियम तेथेही रुळला. प्राइम लीगने तर पंचवीसऐवजी पंधरा गुणांचा डाव केला. आता सामना केव्हा संपेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. दिल्लीत पुढेमागे घरचे सामने भरविले गेलेच, तर ते भरविणाऱ्यांनी दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाशेजारी रेल्वेचेही वेळापत्रक ठेवावे. त्यागराजपासून आय. एन. ए. चे मेट्रो स्थानक जवळ आहे. तेथून जुन्या दिल्लीचे स्टेशन गाठून सोनीपतला आणि नव्या दिल्लीहून पलवलला जाणारी रात्रीची शेवटची गाडी मिळेल, इतक्या बेताने शेवटचा गुण पडावयास हवा.