मावळी चवीची पारख

पावसाळ्यात भुशी धरणावर कांदाभजी आणि भाजलेलं कणीस पावलोपावली मिळतं. पण मावळची खरी चव हवी असेल, तर पिठलं-भाकरी आणि इंद्रायणी भात देणारी साधी खानावळ शोधा. बसण्याआधी दोन-तीन ठिकाणी चौकशी करा. भाकरी सांगितल्यावर थापतात का? ठेचा खलबत्त्यात कुटलेला आहे का? तांदूळ कुठला? आंबेमोहरापासून तयार केलेला इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा. तो १९८७ मध्ये आला. त्याचा भात मऊ, किंचित चिकट आणि सुवासिक होतो. भात अगदी मोकळा, बिनवासाचा असेल, तर तांदूळ बहुधा दुसरा. तव्यावरून उतरलेली भाकरी आणि वासाचा इंद्रायणी जिथे मिळेल, तिथेच निवांत जेवा.