वेबसाइटही ताजी हवी

 

आज आमचीच एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही गटाची वेबसाइट करून घेतली. जांभळाचा रस, बियांची पावडर, फोटो, दर, फोन नंबर, सगळं टाकलं आणि विसरलो. पुढच्या जूनमध्ये जांभळं आली. डोंबिवलीच्या एका ताईंना वीस बाटल्या हव्या होत्या. वेबसाइटवर दर 120 रुपये, आम्ही सांगितला 160. त्या म्हणाल्या, "लिहिता एक, सांगता एक!" ऑर्डर गेली. भरलेल्या बाटल्या बघून आमच्या मावशींचे डोळे भरून आले.

मग आम्ही गुगलवर शोधून पाहिलं, तर आमचं नाव खूप खाली. ज्यांनी त्याच हंगामाची माहिती लिहिली होती, ते वर.

असं का होतं? गुगलचा प्रोग्राम सतत वेबसाइट वाचत फिरतो आणि वाचलेलं साठवतो. आपण विचारलं की त्या साठ्यातून उत्तर देतो. नोव्हेंबर 2011 मध्ये गुगलने ताज्या माहितीला जास्त महत्त्व देणारा बदल केला. सुमारे 35 टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असं तेव्हा सांगितलं होतं.

म्हणजे सगळ्याच शोधांवर नाही. हे नीट समजून घ्या. अंबरनाथचं शिवमंदिर इ.स. 1060 चं. त्याचा इतिहास लिहिलेलं पान दहा वर्षं जुनं असलं तरी चालतं. पण महाशिवरात्रीच्या जत्रेला कुठला रस्ता बंद आहे, हे विचारणाऱ्याला यंदाचीच माहिती हवी. तसंच जांभळाच्या औषधी गुणांचं पान जुनं चालेल, दराचं चालणार नाही.

काहीजण नुसती तारीख बदलतात. त्याचा उपयोग नाही. कालच्या भाकरीला तूप लावलं म्हणून ती ताजी होत नाही. आतला मजकूर खरंच बदलायला हवा, आणि तो गिऱ्हाइकाच्या कामाचा हवा. नुसतं ताजेपण पुरत नाही.

आता आम्ही महिन्याच्या पहिल्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं काढतो. एक ताई मोबाइलवरून वेबसाइट वाचते, दुसरी वहीशी ताडून पाहते. दर, फोन नंबर, वेळ, माल शिल्लक आहे का. हंगाम संपला की "जांभूळ संपलं, पुढच्या जूनमध्ये भेटू" असं लिहितो. दरवर्षी नवं पान काढत नाही, जुन्याच पानावर दुरुस्ती करतो, कारण लोकांनी एकमेकींना पाठवलेली लिंक त्याच पानाची असते. गुगलच्या नकाशावरची आपल्या दुकानाची नोंदही तपासतो. तिला पैसे पडत नाहीत.

आम्ही पहिल्या नंबरावर आलो, असं सांगणार नाही. पण गेल्या हंगामात दरावरून एकदाही वाद झाला नाही, आणि डोंबिवलीच्या त्या ताईंनी स्वतःहून फोन करून बारा बाटल्या नेल्या.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. मोबाइलवर आपल्या गटाचं नाव शोधा. जे दिसेल, साधारण तसंच गिऱ्हाइकाला दिसतं. चुकलेलं वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत मांडा.