झारेकऱ्यांचं काम

(शारदीय व्याख्यानमाला, सराफा बाजार, लष्कर-ग्वाल्हेर : तिसरे पुष्प)

संयोजकांनी मला विषय कळवला तो असा : 'कर्करोगाचं प्रादेशिक केंद्र : सेवा, संशोधन, शिक्षण'. वाचून जरा धास्तीच वाटली. असे तीन शब्द ओळीने आले की ते बहुधा कोनशिलेवर असतात, आणि कोनशिला दुसऱ्यांदा कोणी वाचत नाही. म्हणून सुरुवात या सभागृहाखालच्या गल्लीपासूनच करतो.

माझे वडील या बाजारात एका पेढीवर हिशेब लिहायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर यायचो. दुकानांच्या फळ्या निघायच्या आधी एक म्हातारा कुंचा आणि घमेलं घेऊन हजर असायचा. कारागिरांच्या बैठकीखालची धूळ, भट्टीची राख, गटाराच्या तोंडाशी साचलेला गाळ, सगळं गोळा करायचा. इथे त्याला न्यारिया म्हणायचे. आपल्या मराठीत झारेकरी. ती माती धुऊन, गाळून, त्यातून तो गुंजभर सोनं काढायचा. मला नवल वाटायचं ते वेगळंच : त्या कचऱ्याचे तो सोनाराला पैसे मोजायचा! सोनाराला दागिना दिसतो, झारेकऱ्याला धूळ दिसते. पुढे मी पॅथॉलॉजीत गेलो आणि जन्मभर दुसऱ्यांच्या कामातून उरलेलं धूत बसलो, तेव्हा तो म्हातारा पुष्कळदा आठवला.

कंपूच्या वर, मांढऱ्यांच्या मातेच्या शेजारची टेकडी तुम्ही सगळे ओळखता. शिंद्यांच्या फौजेतल्या आनंदराव मांढऱ्यांची ती देवी. नवरात्रात आपल्यातली निम्मी मंडळी तिथे रांगेत असतात. पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण म्हणतो, 'कैंसर पहाड़ी'. शीतला सहाय यांनी उभं केलेलं कॅन्सर हॉस्पिटल अँड रिसर्च इन्स्टिट्यूट तिथे आहे. केंद्र सरकारने 'प्रादेशिक कर्करोग केंद्र' म्हणून मान्यता दिलेल्या मोजक्या संस्थांत त्याचं नाव आहे. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीची माणसं तिथे येतात.

आणि तिथून पुष्कळदा खाली, इथे येतात. तुम्हीही पाहिलं असेल. पेढीच्या पायरीवर एक बाई, बरोबर विशीतला मुलगा, काखेत कापडी पिशवी. पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट वर डोकावतंय. पदराच्या गाठीतून चांदीचे तोडे निघतात, तराजूत पडतात. सराफ पाकिटाकडे बघतो, मग वजनाकडे, आणि घासाघीस न करता आकडा सांगतो. त्या पिशवीतल्या फाइलमध्ये पुढे काय लिहिलं जातं, आणि ते लिहिलेलं नंतर कोणी वाचतं का, एवढाच माझा आजचा विषय आहे.

फाइली वाचल्या की काय दिसतं, ते आधी पाहू. मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी आली डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे. त्यांनी काय केलं? फार मोठी यंत्रं नव्हती. समोर येणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या फाइली एकामागून एक, निवडानिवड न करता मांडल्या. अशा सलग १,००० रुग्णांचा आढावा १९४४ साली छापून आला. प्रश्न साधे होते : गाठ गालाला, जिभेला की घशाशी? माणूस तंबाखू खातो की विडी ओढतो? तंबाखूची गोळी कोणत्या बाजूला धरतो? दुसऱ्या वर्षी त्यांनी कमरेवरच्या त्वचेच्या एका कर्करोगाबद्दल लिहिलं. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट कसल्याने जिथली कातडी काचते, त्या जागेचा. हे लंडनच्या पाठ्यपुस्तकात कुठून असणार? धोतर नेसणारा समाज ज्याच्या दारात येतो आणि जो त्याला धोतराबद्दल विचारतो, त्यालाच ते दिसणार. 'प्रादेशिक' या शब्दाचा मला समजलेला अर्थ एवढाच आहे.

खानोलकरांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे तयार झाल्या. १९५२ साली सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली पद्मभूषण झाल्या. १९६६ साली हे संशोधन केंद्र आणि रुग्णालय एका छत्राखाली आले. म्हणजे रोगी आणि उंदीर एका संस्थेत नांदू लागले. विनोद सोडा, पण हा संसार सोपा नसतो. डॉक्टरला वेळ नसतो आणि संशोधकाला धीर असतो. त्यांचं जमतं ते फाइलीपाशी.

आता मी तुम्हाला बार्शीला नेतो. सोलापूर जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. तिथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे, आणि १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. मुंबईत १९६३ पासून नोंदणी होती, पण तिथे रुग्णालयांची दप्तरं चाळली की काम भागे. परंड्याच्या वाडीवर दप्तर कुठलं! कोणाला काय होऊन माणूस गेला, याची चिठ्ठीसुद्धा नसते. मग नोंद घेणारे कार्यकर्ते गावोगाव फिरले. शिक्षकांपाशी बसले, बायकांशी बोलले. कुठे अंगावरून जातंय, कुठे जखम भरत नाहीये, असं विचारत राहिले. आणि विचारता विचारताच लोकांना कळू लागलं की हे विचारण्यासारखं काही आहे. ज्या बाया शेवटच्या अवस्थेत यायच्या, त्यांतल्या काही आधी येऊ लागल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रुग्ण जगण्याचं प्रमाण सुधारलं. यातली सेवा कुठली, संशोधन कुठलं आणि शिक्षण कुठलं, हे ज्याला वेगळं काढता येईल त्याने काढावं.

याच पायावर १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गट. बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था एकत्र आल्या. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि उरलेल्या गटांत नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्हीची एकदाच तपासणी झालेल्या गटांत या रोगाने ३४ मृत्यू, नेहमीच्या व्यवस्थेतल्या गटांत ६४. २००९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या तपासणी-धोरणांत त्याचा आधार घेतला गेला.

टाळ्या नकोत. त्या ६४ जणींवर मी विद्यार्थ्यांशी तासन्‌तास वाद घातला आहे. त्यांना तपासणी का दिली नाही, अशी टीका झाली. संशोधकांचं म्हणणं, एरवी तिथे तपासणी नव्हतीच. आम्ही काही काढून घेतलं नाही. हिशेबाला हे उत्तर पुरतं. मला पुरत नाही. पण त्या अभ्यासाखेरीज ही बाब इतक्या ठामपणे कळली असती, असंही मला म्हणता येत नाही. शिकवताना हा वाद मी दरवर्षी अर्धवट सोडायचो. संशोधन करू पाहणाऱ्या पोराला निदान एक रात्र झोप लागू नये, एवढा तरी अभ्यासक्रम हवाच.

आता बोलतो फाइलीच्या शेवटच्या पानाबद्दल.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला, एका गावी, आम्ही गालाच्या गाठीचे जुने नमुने काढले होते. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला मांसाचा तुकडा वीस वर्षं टिकतो. मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर एका भागाएवढा पातळ काप घ्यायचा, रंगवायचा. पेशी काल काढल्यासारख्या निळ्या-गुलाबी दिसतात. ठोकळे चोख होते. फाइली उघडल्या तर निम्म्यांहून अधिक जणांच्या शेवटच्या पानावर दोनच शब्द : 'आला नाही'. बरा झाला म्हणून आला नाही? भाड्याला पैसे नव्हते म्हणून? की गेला? मांसाचा तुकडा वीस वर्षं जपला आणि माणूस तीन महिन्यांत हरवला. ते काम आम्ही बंद केलं. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला मी महिन्याला पाच पोस्टकार्डं लिहायला लावली, पुढे पाच फोन. 'हे कारकुनाचं काम,' असं एकजण म्हणाला. आज तो मोठा शल्यविशारद आहे, आणि पोस्टकार्डावरून मला अजून चिडवतो.

तेव्हा उद्या टेकडीवरच्या संस्थेला देणगी द्यायची झाली तर यंत्राला देणारे पुष्कळ आहेत, त्यावर नावाची पाटी लागते. तुम्ही एका माणसाच्या पगाराला द्या. अंबाहच्या, भांडेरच्या गावात जाऊन 'काकी, तब्येत कशी?' विचारणारा आणि ते वहीत उतरवणारा माणूस. पाटी लागणार नाही.

राहिलं आपल्या गल्लीचं. मध्य प्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तेव्हापासून टपरीवर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते. गिऱ्हाईक तळहातावर दोन्हींचं लग्न लावतं. जिन्याने वर येताना मी माळेसारख्या लटकवलेल्या पुड्या पाहिल्या. दिवसभर मान खाली घालून फुंकणीने डाग देणारे आमचे कारागीर, त्यांच्या गालात काय असतं ते मला सांगायला नको. नुसत्या सुपारीनेही गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. कर्करोगाच्या कितीतरी आधीची ही पायरी.

आता सगळ्यांनी उजव्या हाताची मधली तीन बोटं जोडा. आडवी नाही, उभी, एकावर एक. तोंड उघडा आणि समोरच्या दातांमध्ये घाला. हसू नका, अध्यक्षमहाराज, तुम्हीसुद्धा. तीन बोटं सहज गेली पाहिजेत. ज्यांची दोनच गेली, त्यांनी चहासाठी थांबू नये. मी इथे मंचाच्या डाव्या बाजूला बसतो, टॉर्च आणली आहे, आणि वहीसुद्धा.