पाणी कधी चढलं?

मी इंदूरला राहतो. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर दहा-बारा मुलं जमतात आणि आम्ही घरातल्याच वस्तू घेऊन विज्ञानाचे प्रयोग करतो. आज मला माझी एक चूक सांगायची आहे.

प्रयोग तुम्ही पाहिला असेल. ताटलीत मेणबत्ती उभी करायची, भोवती रंगीत पाणी ओतायचं, मेणबत्ती पेटवून वर काचेचा ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. मी दरवेळी सांगायचो, ‘ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली.’ मुलं टाळ्या वाजवायची.

एकदा चौथीतली एक मुलगी म्हणाली, “काका, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी फारसं चढलंच नाही. विझल्यावर भरकन चढलं. असं कसं?”

मी म्हणालो, “तसंच असतं गं,” आणि पुढचा प्रयोग काढला.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. रात्री स्वयंपाकघरात पुन्हा करून पाहिलं. तिचं बरोबर होतं. शिवाय ग्लास ठेवताना कडेनं बुडबुडे बाहेर पडत होते. तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी जास्त चढलं. ग्लास तोच, हवा तेवढीच. मग ऑक्सिजन वाढला कुठून?

खरं कारण मुख्यतः उष्णतेचं आहे. ज्योतीमुळे हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आक्रसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.

पुढच्या शनिवारी मी मुलांना सांगितलं, “मी इतके दिवस चुकीचं सांगत होतो.” क्षणभर सगळे गप्प. मग एक मुलगा म्हणाला, “म्हणजे मेणबत्ती नसली तरी पाणी चढेल?” आम्ही काचेची बाटली गरम पाण्यानं विसळली, रिकामी करून तिचं तोंड रंगीत पाण्यात उपडं धरलं. बाटली निवत गेली, तसं पाणी वर चढू लागलं! त्या दिवशीच्या टाळ्या मुलांनी स्वतःसाठी वाजवल्या.

आमच्याच मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत असं शिक्षण सुरू झालं होतं. मुलं गटात प्रयोग करायची, निरीक्षणं स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायची. परीक्षेत पुस्तक उघडायलाही परवानगी होती, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं.

तुम्हीही या रविवारी मेणबत्तीचा प्रयोग करा. काडी मोठ्यांनीच पेटवा. फक्त कारण सांगायची घाई करू नका. आधी विचारा, “काय दिसलं?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कदाचित तुम्हालाच काहीतरी नवं शिकायला मिळेल.