धारेची निगा



अध्यक्षाने आरंभी आपल्या अपात्रतेचा उच्चार करावा आणि पुढे तासभर श्रोत्यांना तिची खात्री पटवून द्यावी, असा आपल्याकडील संमेलनांचा रिवाज आहे. त्यातला पहिला भाग मी वगळतो. दुसरा टळेलच याची हमी देत नाही. मात्र दंतवैद्यांचे हे संमेलन एखाद्या थंडगार सभागृहात न भरविता वसईच्या पाचूबंदरात, खाडीच्या तोंडाशी, भरविण्याची तजवीज ज्यांनी केली त्यांचे आभार मानल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. कारण आज सकाळी किल्ल्याच्या अंगाने चालत येताना, बांबूंवर ओळीने वाळत घातलेल्या बोंबिलांच्या वासातून वाट काढीत असताना, मला जे दृश्य दिसले त्याने चार दिवस खपून लिहिलेले माझे भाषण निकामी करून टाकले.

एका घराच्या पायरीशी एक वृद्ध कोळीण बसली होती. पुढ्यात मासळीची पाटी आणि हाती कोयता. मासळीला हात लावण्यापूर्वी तिने कोयता दगडावर पाजवला, पाते उन्हात तिरके धरून न्याहाळले, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहिले, समाधान झाले नसावे म्हणून पुन्हा दगडावर चार वेळा ओढले आणि मग ती कामाला लागली. मी थांबलो आहे हे ध्यानी येताच मान वर न करताच ती म्हणाली, "धार गेली की मासा कापत नाय दादा, बोट कापतं." मी कोण, माझा धंदा कोणता, हे तिला ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते, तरी दातांवरचे किटण हाताच्या हत्यारांनी काढण्याच्या विद्येतील जे प्रकरण आमच्या पाठ्यपुस्तकांत शेवटी येते, परीक्षेत क्वचित विचारले जाते आणि दवाखान्यात बहुधा विसरले जाते, ते तिने एका वाक्यात आटोपले होते. पाते उजेडात धरून पाहण्याची तिची रीतही शास्त्रशुद्ध होती. बोथट धारेवर प्रकाशाची बारीक रेघ चमकते. तीक्ष्ण धारेवर ती दिसत नाही, कारण प्रकाश परतवण्याइतकी रुंदीच त्या धारेला उरलेली नसते.

हे ज्ञान आपल्याकडे आजचे नाही. सुश्रुताने जी वीस शस्त्रे सांगितली त्यांत दंतशंकू आहे आणि त्याचे प्रयोजन दंतशर्करा, म्हणजे दातांवर जमलेला दगडासारखा मळ, काढणे हे आहे. परंतु मला विशेष वाटते ते या नामावळीचे नव्हे. कोणत्या कामाच्या शस्त्राची धार किती बारीक असावी याचे प्रमाण तो ठरवून देतो: भेदनाच्या शस्त्राला मसुराएवढी, लेखनाच्या म्हणजे खरवडण्याच्या शस्त्राला त्याच्या निम्मी आणि छेदनाच्या शस्त्राला तर केसाच्या निम्मी. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा घ्यावी, लावलेली धार राखण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी वापरावी आणि केस कापला जातो की नाही हे पाहून मगच शस्त्र हाती धरावे, इतका बारकावा तो सोडीत नाही. आणि शर्करा काढण्याचा विधी सांगताना पहिली अट घालतो ती दातांच्या मुळांना इजा न करण्याची. त्यानंतर लाखेचे चूर्ण मधात कालवून लावण्यास सांगतो. लाखेच्या गुणावगुणांविषयी आज कोणी वाद घालू शकेल. पण त्या अटीविषयी आपल्या विद्येला पुन्हा त्याच जागी यावे लागले, हे मी थोड्या वेळाने सांगणार आहे.

दहाव्या शतकात कॉर्दोबाच्या अल्-झहरावीने किटण खरवडण्याच्या चौदा हत्यारांची चित्रे आपल्या ग्रंथात काढून ठेवली. १७२८ साली पॅरिसच्या पियेर फोशारने याच कामासाठी पाच हत्यारे वर्णिली, त्यांतले एक पोपटाच्या चोचीसारखे होते. त्यानंतर अकराच वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, येथून हाकेच्या अंतरावरचा वसईचा कोट चिमाजीअप्पांच्या फौजेने घेतला. या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. पण पाचूबंदरात बोलायला उभे राहून त्या कोटाचे नाव न घेणे मला जमले नाही, एवढेच.

आपण आज जी हत्यारे वापरतो त्यांपैकी हिरडीच्या वरचे किटण काढण्याची कोयती, म्हणजे सिकल, ही त्या जुन्या घराण्यातली. हिरडीखाली उतरणारी क्युरेट मात्र वेगळ्या बुद्धीचे अपत्य आहे. अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टर क्लेटन ग्रेसी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिची जी मालिका सिद्ध केली तिच्यात प्रत्येक हत्यार दाताच्या एका विशिष्ट बाजूसाठीच घडविलेले आहे: अकरा-बारा क्रमांकाचे दाढेच्या पुढच्या बाजूला, तेरा-चौदा मागच्या बाजूला. साध्या क्युरेटचे पाते दांडीशी काटकोनात असते आणि त्याच्या दोन्ही कडा चालतात. ग्रेसीचे पाते सत्तर अंशांत कललेले असून त्याची एकच कड कामाची असते. हे ठाऊक नसलेला नवशिका दुसऱ्या कडेने अर्धा तास झगडतो, रुग्ण बिचारा सोसतो आणि दोघेही एकमेकांविषयी प्रतिकूल मत घेऊन उठतात.

पाते हिरडीखाली सरकवताना ते दातावर जवळजवळ सपाट ठेवावे, तळाशी पोहोचल्यावर पंचेचाळीस आणि नव्वद अंशांच्या दरम्यान उघडावे, अनामिकेचा टेकू शेजारच्या दातावर भक्कम असावा आणि ओढ मनगटाच्या फिरण्यातून यावी, बोटांच्या ओरबाडण्यातून नव्हे. हे सगळे आपणांस पाठ आहे. पण हिरडीखाली डोळा पोहोचत नाही. तेथे जे काही दिसते ते बोटांच्या टोकांना दिसते. लेखणीसारखे हलके धरलेले हत्यार मुळावरून सरकताना जो बारीक थरकाप दांडीतून वर येतो, त्यावरून येथे किटण आहे, येथे मुळाचा नैसर्गिक उंचवटा आहे, येथे काम झाले, असा निर्णय आपण करीत असतो. क्युरेट कापते हे खरे, पण कापण्याआधी ती चाचपते. आणि बोथट झालेली क्युरेट या दोन्ही कामांना मुकते.

येथे मला माझ्या एका कसुराचा कबुलीजबाब द्यावयाचा आहे. उमेदीच्या वर्षांत, ज्या धर्मार्थ दवाखान्यात मी काम करीत असे तेथील हत्यारे कोणी केव्हा पाजवली होती याचा मागमूस कुठल्याही दप्तरात सापडला नसता. एका मच्छीमाराच्या खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू मी साफ केली. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात आणि त्या लाळेतील क्षार तेथेच साचतात, म्हणून ती जागा किटणाचे माहेरघर. बोथट हत्यार धरले की जोर अधिक लावावा लागतो, जोर लावला की पकड आवळते, आणि आवळलेल्या बोटांना थरकाप कळत नाही. हात फिरवून पाहिला तो मूळ गुळगुळीत लागले. मी प्रसन्न झालो. तीन महिन्यांनी हिरडी तशीच सुजलेली घेऊन तो परत आला. मी किटण काढलेच नव्हते, नुसते घासून झिलई दिली होती. आणि झिलई दिलेले किटण बोटांना निरोगी मुळासारखेच लागते. त्या माणसाने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. ती रात्र मी अंगठ्याएवढ्या एका शिळेवर तेल घालून घालवली.

किटण काढणाऱ्या यंत्राविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, आणि मी यंत्राचा शत्रू आहे असा समज कोणी करून घेऊ नये. सेकंदाला पंचवीस हजारांहून अधिक कंपने करणारे टोक किटण झटपट उडवते, हात थकत नाही, आणि निष्णात हाती असेल तर त्याचे फळ हातहत्यारांच्या फळाहून उणे ठरत नाही, असे तुलनात्मक अभ्यास पुन्हा पुन्हा सांगतात. परंतु त्याच्या तुषारांतून रुग्णाच्या तोंडातील जंतू खोलीभर पसरतात, हे करोनाच्या साथीत आपल्या सर्वांच्या अंगावर काटा आणून गेले. त्या महिन्यांत कित्येकांनी खणाच्या तळाशी पडलेल्या क्युरेट बाहेर काढल्या आणि त्यांच्या धारा पाहून पुन्हा खणात टाकल्या. यंत्राने आपल्याकडून श्रम काढून घेतले त्याचे दुःख नाही; त्याने दगड काढून घेतला, ही माझी तक्रार आहे.

आता त्या मुळांकडे वळतो. माझ्या विद्यार्थिदशेत मूळ काचेसारखे गुळगुळीत होईपर्यंत खरवडणे हा कौशल्याचा मानदंड समजला जाई. मुळाच्या पृष्ठभागात विषारी द्रव्ये खोल मुरलेली असतात, अशी तेव्हाची धारणा होती. पुढे ती द्रव्ये बहुतांशी वरवरच चिकटलेली असतात असे दिसून आले, आणि मुळाचे आवरण शक्य तितके राखावे, असा आजचा दंडक झाला. सुश्रुताची अट ती हीच. तीक्ष्ण हत्यार थोड्या ओढींत किटण सोडवते आणि थांबते. बोथट हत्याराने तेच काम करायला गेले की शेवटी मूळच झिजते.

पण आपल्या या किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांना याहून वेगळाच धोका वाटतो. दात साफ केले की ते हलू लागतात, असे येथे घरोघर ऐकू येते, आणि या समजुतीला नुसते हसून चालणार नाही, कारण तिच्या पोटी डोळ्यांनी पाहिलेला अनुभव आहे. वर्षानुवर्षे हाड झिजून सैल झालेले दात किटणाच्या बांधकामाने एकमेकांस जखडलेले असतात. ते बांधकाम उतरवले की आधीच झालेली पडझड उघडी पडते आणि दोष गवंड्याच्या माथी येतो. त्यात मशेरीची भर. मशेरीने, तसेच एकूणच तंबाखूने, हिरडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून रक्त कमी येते, आणि रक्त येत नाही म्हणजे हिरडी ठणठणीत आहे, अशी मशेरी लावणाऱ्या माउलीची समजूत होते. तिला हे समजावून सांगायला जो वेळ लागतो तो दवाखान्याच्या जमाखर्चात कुठेच धरला जात नाही.

वेळ नाही, हे आपले नित्याचे उत्तर आहे. ते खोटे नाही. पण त्यावर तोड काढून ठेवलेली होती. अमेरिकेत १९०६ साली अल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करण्याचे शिक्षण दिले आणि तेथून त्या देशात एक नवा पेशा उभा राहिला. आपल्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातही दंतवैद्य वा वैद्य नसून दातांचे किटण काढणारा, ते स्वच्छ करणारा, त्यांना झिलई देणारा किंवा त्यांच्या निगेचे शिक्षण देणारा म्हणून 'डेंटल हायजिनिस्ट'ची व्याख्या होती आणि त्याच्या नोंदणीची तरतूद होती. इतकी वर्षे लोटली तरी आपल्या बहुतेक दवाखान्यांत त्या व्याख्येला जिवंत माणूस लाभलेला नाही. या कोळीवाड्यात अशा मुली आहेत ज्यांची बोटे लहानपणापासून धार ओळखतात आणि ज्यांचा शब्द त्यांच्या आया आम्हां दंतवैद्यांच्या शब्दाहून अधिक मानतील. त्यांना हे शिक्षण मिळावे म्हणून या संमेलनाने सरकारदरबारी एक रीतसर अर्ज करावा, असा ठराव मी संध्याकाळच्या बैठकीत मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनी तयारीनिशी यावे.

जाता जाता दुपारच्या सत्राविषयी एक सूचना. कार्यक्रमपत्रिकेत तेथे माझेच आणखी एक व्याख्यान छापले आहे. ते रद्द समजावे. त्याऐवजी बाहेरच्या मांडवात पाच-सहा शिळा, तेलाची बाटली आणि धार तपासण्याच्या प्लास्टिकच्या काड्या मांडलेल्या आहेत. नखावर पाहण्याची सोय कोळिणीला आहे, आपल्याला जंतुसंसर्गाच्या भयाने नाही. प्रत्येकाने येताना दवाखान्यातली सर्वांत बोथट, पण निर्जंतुक केलेली क्युरेट आणावी असे निमंत्रणात कळविलेले होते; ज्यांनी आणली असेल त्यांनी पाते वर करून धरावे आणि दगड त्याच्या दर्शनी पृष्ठाशी शंभर ते एकशेदहा अंशांत लावावा. सकाळची ती बाई तोवर मोकळी होणार आहे. तिला मी बोलावले आहे. ती येते म्हणाली, पण तुमचे दगड आधी बघीन म्हणाली.